शहरी वाहतुकीच्या तंत्रज्ञानात येताना: सुरुवात बसथांब्यापासून

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी हातात पडली तेव्हा माझ्यापुढे बांधकामाची साइट किंवा स्पर्धा परीक्षा अशा दोनच वाटा आहेत, असे मी धरून चालले होते. शहराच्या वाहतुकीची माहिती गोळा करणे, तपासणे आणि वापरात आणणे हेही अभियंत्याचे काम असू शकते, हे मला कोल्हापुरातल्या एका लहानशा सल्लागार कार्यालयात रुजू झाल्यावर कळले. या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी आता मला स्मार्ट सिग्नल, इलेक्ट्रिक बस आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी विचारतात. मी मात्र त्यांना त्यांच्या घराजवळचा बसथांबा नेमका कुठे आहे, हे विचारते.

माझे पहिले काम थांब्यांची यादी करण्याचे होते. बस कुठून कधी सुटते हे मोबाइलमधल्या नकाशाला कळावे यासाठी जगभर जीटीएफएस नावाचा साचा वापरतात. गूगलने तो २००५ च्या सुमारास अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या परिवहन संस्थेबरोबर आखला. त्यात थांबे, मार्ग, फेऱ्या आणि प्रत्येक थांब्यावरील वेळा यांच्या साध्या मजकुराच्या फाइली असतात, आणि त्या साधेपणावर नवखा माणूस हमखास फसतो. मध्यरात्र ओलांडणाऱ्या फेरीची वेळ तिथे ००:१० नव्हे, तर २४:१० अशी लिहावी लागते, कारण ती फेरी आदल्या दिवसाच्या वेळापत्रकातली असते. हे विसरल्यास शेवटची बस सुटण्याआधीच मुक्कामाला पोहोचते.

माझी चूक याहून ढोबळ होती. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. माझ्या तक्त्यातले हे दोन रकाने उलटे पडले आणि गंगावेशीपासून कावळा नाक्यापर्यंतचे सगळे थांबे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या पश्चिमेकडील समुद्रात जाऊन बसले. कार्यालयात चार दिवस हसण्याचा विषय झाला, पण अशी चूक निदान डोळ्यांना दिसते. थांबा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला पडला, म्हणजे दहा-पंधरा मीटरची चूक झाली, तर ती पडद्यावर कुणालाच खटकत नाही आणि प्रवासी मात्र विरुद्ध दिशेच्या बसची वाट पाहत उभा राहतो.

नावांचा गोंधळ तर वेगळाच होता. शिवाजी चौक, शिवाजी पेठ, शिवाजी पूल, शिवाजी उद्यमनगर, शिवाजी स्टेडियम आणि शिवाजी विद्यापीठ ही सगळी ठिकाणे याच शहरात आहेत, आणि जुन्या याद्यांमध्ये पुष्कळदा नुसतेच ‘शिवाजी’ लिहिलेले असते. त्यात ज्या फाइली युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या, त्या संगणकावर उघडल्या की निव्वळ चिन्हांचा चिखल दिसे. तो निस्तरण्यात माझे पहिले तीन महिने गेले. ते वाया गेले असे तेव्हा वाटे, आता वाटत नाही.

त्यानंतर गाड्यांवरील यंत्रांचे काम आले. एआयएस-१४० या भारतीय मानकानुसार प्रवासी वाहनात स्थान कळवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण असते, आणि मुख्य वीजपुरवठा तुटला तरी यंत्र काही तास चालावे म्हणून त्याला स्वतःची छोटी बॅटरी असते. एका चाचणीत एक बस रोज दुपारी एकाच ठिकाणी नकाशावरून नाहीशी होई. मी मोबाइल नेटवर्कला दोष देणारा दोन पानी अहवाल लिहून मोकळी झाले. आमच्या वरिष्ठांनी तो न वाचता परत दिला आणि ‘आधी बसमधून जाऊन या’ एवढेच सांगितले. गेले, तर शेवटच्या थांब्यावर चालकमामा डबा खायला उतरण्यापूर्वी गाडीची मुख्य कळ बंद करत होते, आणि यंत्रातली छोटी बॅटरी केव्हाच निकामी झाली होती.

या शहरात वाहतुकीचा विचार पंचगंगेला वगळून करता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. पातळी मोजणारे संवेदक आज मिळतात, पण त्यांचा आकडा बसच्या मार्गाशी जोडायचा तर किती फुटांना कोणता रस्ता पाण्याखाली जातो, हा तक्ता माणसांनाच करावा लागतो. तो आम्ही जुन्या रहिवाशांना विचारून केला, कारण ‘पाणी जामदार क्लबपर्यंत आलं’ हे वाक्य इथे मोजपट्टीसारखेच वापरतात. आणि स्वयंचलित यंत्रणेचे अप्रूप वाटणाऱ्यांनी एकदा राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाहून यावेत. पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, त्यांना विजेची गरज पडत नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगते. वाहतूक अभियांत्रिकीत एम. टेक. करायचे असेल तर गेट परीक्षा द्यावी, पण नोकरीसाठी ते अनिवार्य नाही. संख्याशास्त्र पक्के असावे, पायथन ही संगणकभाषा थोडी यावी आणि क्यूजीआयएस ही मोफत नकाशाप्रणाली सराईतपणे वापरता यावी. अंशांमध्ये अंतर मोजू नये, आपल्या भागासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीचा ४३ वा उत्तर विभाग निवडून ते मीटरमध्ये मोजावे. महागड्या प्रमाणपत्रांवर पैसे घालण्यापूर्वी एखादा बसमार्ग निवडावा, सकाळी, भर दुपारी आणि पावसात त्यावरून प्रवास करावा, लोक खरोखर कुठे उभे राहतात ते नोंदवावे आणि त्याचा नकाशा तयार करावा. माझ्याकडे उमेदवार येतात तेव्हा मी हाच नकाशा मागते, आणि त्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे थांबे वेगवेगळे दाखवले आहेत का, हे सर्वांत आधी पाहते.