गुप्तांच्या ऱ्हासाचं उत्तर असं सुधारलं

भाची इथे ग्वाल्हेरला राज्यसेवेची तयारी करतेय. गुप्तांच्या ऱ्हासावर तिचं उत्तर म्हणजे कारणांची जंत्री: मध्य आशियातून आलेले आक्रमक हूण, सामंत, दुबळे वारस. माहिती बरोबर, गुण मात्र जेमतेम. मग आम्ही ठरवलं, प्रत्येक कारणाखाली पुरावा द्यायचा आणि त्यातून पुढचं कारण कसं बळावलं तेही लिहायचं.

हूणांचंच घ्या. गुप्त सम्राट स्कंदगुप्त त्यांच्याशी झुंजल्याचं भितरीच्या स्तंभलेखात आहे, आणि साम्राज्य तर त्यानंतरही टिकलं. मग फक्त हूणांवर खापर कसं फोडणार? त्याच्या नंतरच्या सुवर्णमुद्रा वजनाने जड, पण सोन्याचा कस उतरलेला. म्हणजे तिजोरीवर ताण होता. सत्ता अशी खिळखिळी झाल्यावर सहाव्या शतकात हूण आमच्या गोपगिरीपर्यंत, म्हणजे ग्वाल्हेरच्या टेकडीपर्यंत पोचले. इथल्या सूर्यमंदिराच्या शिलालेखात हूण राजा मिहिरकुलाचं १५वं राज्यवर्ष नोंदलेलं आहे! त्याला नमवलं मंदसोरचा राजा यशोधर्मा याने, आणि गुप्तांनाही न लाभलेले प्रदेश आपण भोगतो असं स्तंभावर कोरून घेतलं. प्रादेशिक सत्ता किती शिरजोर झाल्या होत्या, याला एवढी एक ओळ पुरते.

निष्कर्षात ती आता बाजू घेते: आतली फूट मुख्य, हूण निमित्त. मलाही तेच पटतं.