कुत्री आवडतात, ते ठीक. ब्लोअर किती वॅटचा?

"मला कुत्री खूप आवडतात, मीही घरोघरी जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालायची, केस-नखं कापायची ग्रूमिंगची व्हॅन काढू का?" असं कुणी विचारलं की मी आधी विजेचं विचारते.

पुण्यात सेकंडहँड मारुती ईको व्हॅन घेऊन मी काम सुरू केलं, तेव्हा शांपू, कात्र्या, टेबल सगळं पारखून घेतलं होतं. विजेचा हिशोब तेवढा राहिला. केस वाळवायचा २००० वॅटचा ब्लोअर आणि इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या. बाणेरला दिवसातला दुसरा कुत्रा हस्की निघाला. पाठ वाळली, पोट ओलंच, आणि इन्व्हर्टरने मान टाकली. हस्कीची आतली लव ओली राहिली की खाज सुटते, वास मारतो. शेवटी हस्कीच्या मालकांच्या बाथरूममध्ये गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर उरलेलं काम उरकलं (साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर हा ब्लोअर लावू नका). मग बाथरूमभर उडालेले केसही मीच झाडले. आता दाट केसांचा गडी सकाळी पहिला, आणि ब्लोअरआधी तीन टॉवेल.

ईको घेणंही चुकलंच. आत ताठ उभं राहता येत नाही, वर्षभरात कंबरेने जाब विचारला. उंच बॉडीची गाडी बघा, आणि आत काही ठोकण्याआधी आरटीओत विचारा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, ते ब्रेक दाबताना कळतं. सांडपाण्याची टाकी वेगळी हवी. पार्किंगमध्ये फेस सोडलात तर वॉचमन पुढच्या वेळी गेट उघडत नाही.

खरी भांडणं होतात जटांवरून. पावसाळ्यात एका काकूंचा शिह त्झू आला. वरून गोंडस, पण कानामागे बोट घातलं तर नमद्यासारखा थर, आणि खाली लाल, ओली कातडी. दोन गोचीडही. "केस कमी करू नकोस हं, फक्त विंचर," काकू म्हणाल्या. अशा जटा विंचरणं म्हणजे कातडी ओढणं. मी मशीन लावलं, आणि टक्कल बघून काकू रडल्या. पैसे मिळाले, पण त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून मी आधी जटा उघडून दाखवते, फोटो काढते, व्हॉट्सअॅपवर 'चालेल' घेते, मगच मशीन. मशीनचं पातं तापतं, म्हणून दर काही मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं.

उलटी तऱ्हा लॅब्राडॉरवाल्यांची. उन्हाळा लागला की "सगळं काढून टाका" म्हणतात. त्याचे केस भादरायचे नसतात, आतली सुटलेली लव ब्रशने काढायची.

काळ्या नखांत रक्ताची शीर दिसत नाही. चिमूट चिमूट कापा, रक्त थांबवायची पावडर खिशातच ठेवा, पेटीत नको.

आणि अपॉइंटमेंट भागवार लावा. मी मंगळवारी कोथरूड, बुधवारी बाणेर असं धरते. सकाळी कोथरूड आणि दुपारी वाकड घेतलं की तिसरा कुत्रा चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्येच बुडतो.