उन्हाळ्यात करपलेली परसबाग: आधी क्षार काढा, मग खत घाला

मृगाची एखादी सर पडली की कुंड्यांत खत ओतायची घाई होते. सोलापुरात ती महागात पडते. इथे नळाला रोज पाणी नाही, म्हणून उन्हाळाभर बोअरचं जड पाणी दिलं जातं. पाणी उडून जातं, क्षार मातीत राहतात. कुंडीच्या काठावर दिसणारी पांढरी पापडी ती हीच. अशा मातीत युरिया पडला की पानांच्या कडा आणखी करपतात.

वरची इंचभर माती खरवडून टाकून द्या. कुंडीची भोकं काडीने मोकळी करा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून खालून वाहू द्या. त्यासाठी पत्र्यावरचं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिल्या सरीचं मात्र धरू नका, त्यात धूळच जास्त.

काळ्या मातीचा आणखी एक त्रास आहे. ती वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग पाणी त्या फटीतून थेट खाली जातं, वरून भिजल्यासारखं दिसतं, मुळं कोरडीच. अशी कुंडी टबात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. नंतर माती बदलायचीच झाली तर दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा, आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. वाफ्यातली माती वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल ओसरून नुसती ओल राहिल्यावरच खुरपा. चिखलात हात घातला तर ढेकळं वाळून दगड होतात.

झाड मेलंय का, हे नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर ठेवा. वांगं वीतभर ठेवून छाटा, गवती चहा चार बोटं ठेवून कापा, तुळशीच्या मंजिऱ्या खुडा. पुदिन्याचे मुळं धरलेले धावते कोंब नव्या मातीत लावा. टोमॅटो मात्र उपटाच, त्यात वेळ घालवू नये. बोकड्या (पानं आकसून वळणारा रोग) आलेल्या मिरचीचंही तेच.

कढीपत्ता गुडघाभर ठेवून छाटला की फुटतो, पण नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, झाडाला मिळत नाही; मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तरी चुन्यात तो अडकतो. म्हणून फवारणीच करा: लिटरभर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग 5 ग्रॅम हिराकस. संध्याकाळी, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा. द्रावण ताजं वापरा. तांबूस झालं की फेका. फरशीवर सांडलं तर डाग जात नाही, तेवढं सांभाळा.

भेंडी, गवार जूनअखेर टोका. धणे रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. आठ ते बारा दिवस उगवायला लागतात, तोवर वरून गोणपाट ओलं ठेवा आणि कोंब दिसताच काढा. सगळे धणे एकदम पेरू नका, पंधरा दिवसांनी पुन्हा थोडे पेरा. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, 2 ग्रॅम साबण मिसळा आणि पानांच्या खालच्या बाजूने फवारा.