चिऱ्याची भिंत, फणसाचं लाकूड आणि कॉर्डलेस ड्रिल

कॉर्डलेस ड्रिल घ्यायला गेलात की दुकानदार आधी व्होल्ट सांगतो. कोकणातल्या घराला त्याआधी एक प्रश्न आहे: भोकं कशात पाडायची? चिऱ्यात, काँक्रीटमध्ये की लाकडात?

तरी व्होल्टचा हिशेब माहीत असू द्या. लिथियम सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो, पूर्ण चार्ज झाला की ४.२. तीन सेल जोडले की १०.८ होतात, त्या बॅटरीवर १२ लिहितात. पाच जोडले की १८; त्यावरच २० किंवा २१ लिहिलेलं असतं, यंत्र तेच. स्वस्त ड्रिलवर ४८ नाहीतर ८८ छापलेलं दिसलं तर मल्टिमीटर लावून बघा. पूर्ण चार्जवर २१ च्या आसपास आकडा आला, तर ते १८ व्होल्टचंच ड्रिल आहे.

१२ व्होल्टचं ड्रिल बॅटरीसकट किलोभर वजनाचं, चक (बिट, म्हणजे भोक पाडायची सळई, पकडणारा जबडा) बहुतेक १० मिलिमीटरचा. बिजागऱ्या, कपाटं, पडद्याचे ब्रॅकेट, माळ्यावर हात वर करून करायची कामं, सगळ्याला पुरतं. १८ व्होल्टचं दीड किलो किंवा जास्त, चक १३ मिलिमीटरचा. वाशांना जाड भोकं पाडायची, दिवसभर वर्कशॉप चालवायचं तर हेच घ्या आणि ब्रशलेस घ्या. त्यात कार्बन ब्रश झिजायची भानगड नाही आणि एका चार्जवर काम जास्त होतं.

हॅमरसाठी, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणाऱ्या सोयीसाठी, मात्र उगाच जादा पैसे घालू नका. चिरा म्हणजे जांभा दगड, मऊ आणि सच्छिद्र. हॅमर चालू ठेवला की भोकाची कड ढासळते, ८ चं भोक १० चं होतं आणि प्लग (स्क्रू धरायला भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी) नुसता गरगर फिरतो. म्हणून हॅमर बंद, कार्बाइड टोकाचं बिट, आणि प्लगपेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक बिट मिळालं तर उत्तम. प्लग ६०-८० मिलिमीटर लांबीचा घ्या; गिलाव्याची जाडी त्यात धरू नका, पकड चिऱ्यातच बसायला हवी. भुकटीवर लक्ष ठेवा. तांबडी येतेय तोवर तुम्ही चिऱ्यात आहात. गिलावा संपल्यावरही करडी किंवा पांढरी येत राहिली तर बिट सांध्यात शिरलंय, आणि जुन्या घरात सांधा भुसभुशीत असतो. बिट एकदम आत गेलं तर पोकळी लागली. दोन्ही वेळा पाचसहा सेंटिमीटर बाजूला सरका. गीझरसारख्या जड वस्तूला जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणाऱ्या रसायनात बसवायचा बोल्ट) वापरा, आधी भोकातली धूळ पुरती काढून.

स्लॅब आणि लिंटेलचं काँक्रीट निराळं. तिथे छोट्या ड्रिलचा हॅमर नुसता आवाज करतो, बिट तापतं. दोनचारच भोकं असतील तर एसडीएस-प्लसचं (बिट खटक्याने अडकणाऱ्या पकडीचं) वायरवालं रोटरी हॅमर, म्हणजे जोरात ठोके देणारं मोठं ड्रिल, भाड्याने आणा.

फणस, साग, ऐन यांत ४ मिलिमीटरचा स्क्रू बसवायचा तर आधी अडीच-तीन मिलिमीटरचं भोक पाडा. खाऱ्या हवेत स्टेनलेसचेच स्क्रू टिकतात, समुद्राला लागून घर असेल तर ३१६ ग्रेडचे. पण स्टेनलेस नरम. भोक न पाडता दामटलं की स्क्रूची मान तुटते. स्क्रूला थोडं मेण लावा, गिअर १ वर (सावकाश, पण जोराचा) ठेवा, क्लच (ठरावीक जोरानंतर घसरणारी, आकडे लिहिलेली कडी) ४-५ पासून सुरू करून डोकं लाकडाला टेकेपर्यंत एकेक वाढवत जा. भोकं पाडताना गिअर २, पण लोखंडाला पुन्हा १ आणि तेलाचा थेंब.

दुकानात चकमध्ये सरळ बिट लावून ड्रिल सावकाश फिरवा. टोक डुगडुगलं तर ते ड्रिल नको. ट्रिगर अगदी हळू दाबूनही चक झटका न देता फिरायला हवा. त्याच बॅटरीवर चालणारा ग्राइंडर किंवा जिगसॉ मिळतो का हेही विचारा, नुसत्या यंत्राची किंमत पुष्कळ कमी पडते.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं उरकली की चक पुसून तेलाचा हात फिरवा, ड्रिल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. बॅटरी काढून, अर्धी चार्ज करून वेगळी ठेवा. दोनतीन महिन्यांनी बघा. तिच्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर पेट्रोल नको, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुरतं वाळल्यावरच चार्जरला लावा.