जुना प्लाझ्मा घ्यावा की एलसीडीच बरा?

पॅनासॉनिकने २०१३च्या अखेरीस आणि सॅमसंग व एलजीने २०१४मध्ये प्लाझ्मा पडद्यांचे उत्पादन थांबवल्यामुळे हा टीव्ही आता केवळ जुन्या बाजारात मिळतो. तो स्वस्त मिळाला, तरी घेण्यापूर्वी आपली खोली नीट पाहावी. प्लाझ्मा पडद्यातील प्रत्येक सूक्ष्म कप्पा वायूच्या साहाय्याने स्वतः उजळतो; त्यामुळे काळा रंग गडद दिसतो, क्रिकेटचा वेगवान चेंडू फारसा पुसट होत नाही आणि कडेला बसलेल्यालाही रंग फिके वाटत नाहीत. मात्र त्याच्या काचेवर खिडकीचे प्रतिबिंब उमटते, वीज अधिक लागते आणि संच चांगलाच तापतो.

दिवसभर बातम्या लावणाऱ्या घरात तर वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी पडद्यावर कायमची उमटण्याचा धोका असतो. म्हणून जुना संच घेताना विक्रेत्याला संपूर्ण पांढरे किंवा करडे चित्र लावायला सांगावे. असे डाग त्यावर लगेच उघडे पडतात. सुटे भाग मिळणेही आता कठीणच.

एलसीडीत प्रकाश मागून येतो, म्हणून उजेडाच्या दिवाणखान्यात तोच सोयीचा. (दुकानात ‘एलईडी’ म्हणून विकला जाणारा टीव्हीही मुळात एलसीडीच असतो, केवळ त्याचा मागचा दिवा एलईडीचा.) घरची मंडळी खोलीभर पसरून बसत असतील, तर एलसीडीतला आयपीएस प्रकारचा, म्हणजे कडेनेही रंग नीट दाखवणारा पडदा घ्यावा; रात्री समोर बसून चित्रपट पाहायचे असतील, तर व्हीए या एलसीडीच्याच दुसऱ्या प्रकारच्या पडद्यातील काळा रंग अधिक समाधान देतो.