कम्युनिटी कॉलेजमधून रेडिओग्राफर व्हायचंय? मग या चुका टाळा

जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना रेडिओग्राफीचं, म्हणजे एक्स-रे काढण्याच्या कामाचं, आकर्षण वाटतं, आणि त्यात नवल नाही. कम्युनिटी कॉलेजची फी परवडते, असोसिएट डिग्री (बॅचलरच्या खालची, दोन वर्षांची) मिळते आणि थेट हॉस्पिटलात काम करता येतं. आमच्या एक्स-रे विभागात क्लिनिकलला (हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला) येणाऱ्या मुलामुलींकडे पाहून एक सांगते: फिजिक्स झेपलं नाही म्हणून अडलेले थोडे. बाकीचे अडतात ते आधी कागदपत्रांत आणि नंतर हाताला लागलेल्या सवयींत.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे कॉलेजला प्रवेश मिळाला की कोर्सला मिळालाच. न्यू जर्सीत एडिसनचं मिडलसेक्स कॉलेज घ्या किंवा कॅलिफोर्नियातलं फूटहिल. कॉलेजात नाव कोणालाही घालता येतं, पण रेडिओग्राफीच्या जागा मोजक्या असतात आणि त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. सहसा वर्षातून एकच बॅच सुरू होते. त्याआधी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, गणित, इंग्रजी असे विषय चांगल्या ग्रेडने झालेले लागतात. म्हणजे ‘दोन वर्षांचा कोर्स’ प्रत्यक्षात तीन वर्षांवर जातो. आपली जुनी बी.एस्सी. असेल तर ट्रान्सक्रिप्टचं मूल्यांकन आधीच करून घ्या. सायन्सची क्रेडिट्स पाच-सात वर्षांपेक्षा जुनी झाली की अनेक कॉलेजं ती धरत नाहीत. हे अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात कळलं तर वर्ष गेलंच म्हणून समजा.

भारतात टेक्निशियन म्हणून वर्षानुवर्षं एक्स-रे काढलेल्यांची वेगळीच निराशा होते. अनुभव कितीही असो, एआरआरटी या रेडिओग्राफरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या परीक्षेला बसायचं तर तिने मान्य केलेला कोर्स पूर्ण करावाच लागतो. २०१५ पासून किमान असोसिएट डिग्रीही लागते.

व्हिसाचं गणितही पहिल्याच दिवशी मांडा. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर शिकता येतं, पण नोकरीसाठी वेगळा परवाना लागतो. ‘हॉस्पिटल एच-१बी करून देईल’ या भरवशावर राहू नका. तो व्हिसा बॅचलर डिग्री लागणाऱ्या कामांसाठी असतो आणि रेडिओग्राफरच्या कामाला सहसा असोसिएट पुरते.

कॉलेज निवडताना ‘घराजवळ आहे’ एवढंच पाहू नका. जेआरसीईआरटी या कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या कोर्सेसचे निकाल खुले असतात: परीक्षेत पहिल्या प्रयत्नात किती पास झाले, नोकऱ्या किती जणांना लागल्या, कोर्स किती जणांनी पुरा केला. सगळे पासाच्या टक्केवारीकडे धावतात. मी आधी शेवटचा आकडा बघेन. निम्मी मुलं वाटेतच गळाली असतील, तर उरलेले सगळे पास झाल्याचं कौतुक किती करायचं?

क्लिनिकल सुरू होण्यापूर्वी लसीकरणाचे दाखले आणि टीबीची चाचणी मागतात. आपल्यातल्या बहुतेकांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुन्हा तपासण्या, आणि बाकीची बॅच पुढे निघून जाते. रक्ताच्या आयजीआरए चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती चालेल का, हे कॉलेजला आधीच विचारून ठेवा.

एक्स-रे रूममधली गडबड

छातीचा पीए (किरण पाठीकडून पुढे जाणारा) एक्स-रे सगळ्यात सोपा समजतात, आणि रिपीट, म्हणजे पुन्हा काढावे लागणारे एक्स-रे, त्यातच होतात. फुप्फुसांवर खांद्याची पाती दिसतायत? खांदे पुढे रोल केले नाहीत. दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर नाहीत? पेशंट फिरलेला आहे, पावलांपासून पुन्हा सरळ उभं करा. डायफ्रॅमच्या वर मागच्या दहा बरगड्या मोजता येत नाहीत? श्वास अपुरा घेतलाय. ‘मोठा श्वास घ्या’ म्हणून लगेच बटण दाबू नका. एकदा घेऊन सोडायला लावा आणि दुसऱ्या श्वासाला एक्स्पोजर द्या. आणि फुप्फुसाच्या टोकाशी ती विचित्र सावली? पेशंटची वेणी वर बांधायची राहिली.

तरीही एक्स-रे बिघडलाच तर घाईने एकट्याने रिपीट करू नका. विद्यार्थ्याने रिपीट करताना पात्र टेक्नॉलॉजिस्ट समोर हजर हवा, हा नियमच आहे; त्या प्रकारच्या एक्स-रेची कॉम्पिटन्सी (जमतं का याची तपासणी) झालेली असली तरी. चूक लपवण्यासाठी केलेला रिपीट पकडला गेला, तर मूळ चुकीपेक्षा तोच महागात पडतो.

दुसरी खोड डिजिटल मशीनमुळे लागते. जास्त डोस दिला तरी चित्र सुरेखच दिसतं. कमी दिला तरच ते दाणेदार होतं. मग ‘थोडं जास्तच बरं’ म्हणत हात वाढत जातो आणि भुर्दंड पेशंटला पडतो. चित्राचं रूप पाहून समाधान मानू नका, डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे एक्स्पोजर ठरवल्यापेक्षा किती कमी-जास्त झालं ते सांगणारा आकडा, वाचा. शून्य म्हणजे ठरवल्याप्रमाणे, +३ म्हणजे साधारण दुप्पट. तसंच किरणांचं मोठं फील्ड उघडं ठेवून नंतर स्क्रीनवर कडा कापणं हे कोलिमेशन (किरण हव्या तेवढ्याच भागावर आवळणं) नव्हे. त्या कडांचा डोस पेशंटला मिळून गेलेला असतो. डावा-उजवा मार्करही शिशाचाच, एक्स्पोजरच्या आधी लावा. नंतर कॉम्प्युटरवर टाकलेल्या ‘एल’वर कोणी डॉक्टर विसंबू नये असं मला वाटतं.

डोसिमीटर बॅज (आपल्याला मिळालेलं रेडिएशन मोजणारा) गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. फ्लुओरोस्कोपीत (हलत्या चित्रांच्या एक्स-रेत) तो कॉलरपाशी, शिशाच्या एप्रनच्या बाहेर लावा. गरोदर असाल तर ते लेखी कळवायचं की नाही हे पूर्णपणे तुमच्या मर्जीवर आहे. पण कळवल्यावरच गर्भासाठीची ५ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते आणि दुसरा बॅज मिळतो. भीतीपोटी गप्प बसणाऱ्या मुली स्वतःचंच नुकसान करतात.

परीक्षेच्या तोंडावर

पूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्यासारखा एखादा गुन्हा नावावर असेल, तर एआरआरटीकडून त्याची पूर्वतपासणी कोर्सला पैसे भरण्यापूर्वीच करून घेता येते. दोन वर्षं शिकून मग हा अर्ज करण्यात शहाणपण नाही.

पास व्हायला ७५ लागतात. तो स्केल केलेला गुण आहे, ७५ टक्के नव्हे, त्यामुळे सराव परीक्षेच्या टक्क्यांशी त्याची सरळ तुलना करू नका. तीन वर्षांत तीनच संधी मिळतात. घाईने ‘अंदाज घ्यायला’ बसलात तर एक संधी उगाच खर्ची पडते.

पास झालात तरी अनेक राज्यांत राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. कॅलिफोर्नियात तर फ्लुओरोस्कोपीसाठी आणखी एक परमिट लागतं. नोकरीचा होकार आल्यावर या अर्जांना लागू नका, निकाल हातात येताच भरा.