बडोद्यात नवीन आलात आणि विंग्स खायचेत? मग आधी हे वाचा

मी बडोद्याला आले २०११ ला, सांगलीहून, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून. आता दरवर्षी जून-जुलै आला की ओळखीतलं कोणी ना कोणी पोरगं-पोरगी एमएसयूला, म्हणजे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, ॲडमिशन घेऊन नाहीतर पहिली नोकरी लागून इथे येतं, माझा नंबर कोणीतरी दिलेला असतो, मग रूम, डबा, रिक्षा, गॅस सगळं विचारून होतं आणि फोन ठेवता ठेवता आवाज बारीक करून एक प्रश्न येतोच, ताई, इथे नॉनव्हेज मिळतं ना?

मिळतं रे बाबांनो. भरपूर मिळतं आणि चांगलं मिळतं. गायकवाडांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत, दांडियाबाजार, रावपुरा, वाडी या भागांत फिरलात तर रविवारी दुपारी मटणाचा वास येणारी घरं अजूनही सापडतील. फक्त कुठे, कधी आणि कसं खायचं हे इथे समजून घ्यावं लागतं, कोल्हापूर-सांगलीत जसं कुठेही बसलं आणि ताट मागवलं तसं नाही. आणि नवीन पोरं सगळ्यात आधी जिथे जातात ते म्हणजे विंग्सचं, म्हणजे तळलेल्या कोंबडीच्या पंखांचं दुकान, कारण ते फतेगंजला आहे, कॉलेज जवळ आहे, आणि पगार झाला की मित्र म्हणतात चल. तिथे बसायला जागा नाही, एक काउंटर, मागे फ्रायर, वर बोर्डावर अठरा-वीस सॉसची नावं, पार्सल घ्यायचं आणि निघायचं. पहिल्यांदा गेलेला माणूस त्या बोर्डासमोर नुसता उभा राहतो, मागे रांग वाढते, मग घाईत काहीतरी सांगतो आणि पैसे वाया जातात. म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी ते बफेलो. हा शब्द बोर्डावर पहिला असतो आणि आपली मंडळी दचकतात. म्हशीचा काही संबंध नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे, तिथल्या अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो या बाईंनी हे पंख तळून लाल मिरचीच्या आंबट सॉसमध्ये आणि बटरमध्ये घोळवून दिले अशी गोष्ट सांगतात, म्हणून ते बफेलो विंग्स. मांस कोंबडीचंच. हे मी इतकं बजावून सांगते त्याला कारण आहे, पुढे येईलच.

आता सॉस. बोर्डावर वीस नावं असली तरी मनात दोनच भाग करा, सुके आणि ओले. सुके म्हणजे तळलेल्या विंग्सवर मसाला भुरभुरून हलवलेले, लेमन पेपर, पेरीपेरी मसाला, केजन वगैरे. ओले म्हणजे सॉसमध्ये घोळवलेले. पार्सल घेऊन वीस मिनिटांच्या पुढे जायचं असेल तर सुकेच घ्या, हे लिहून ठेवा. ओल्या सॉसमध्ये घोळवलेलं कव्हर डब्यातल्या वाफेने रस्त्यातच मऊ पडतं, गोत्री नाहीतर मांजलपूरला पोहोचेपर्यंत भिजलेल्या भज्यासारखं होतं. ओलंच हवं असेल तर सॉस वेगळा मागा. काउंटरवर फक्त एवढं म्हणायचं, "भाई, सॉस अलग आपजो." सेव उसळीच्या दुकानात तिखट तरी वेगळी ठेवतात आणि आपण आपल्या बेताने घालून घेतो ना, तसंच करायचं, खाताना वरून घ्यायचा. आणि डब्याचं झाकण गच्च लावू देऊ नका, एका कोपऱ्याला उघडं ठेवलं की वाफ निघून जाते.

तिखटाचं सांगते. तो भाऊ विचारेल "तीखुं के मोळुं?" मोळुं म्हणजे कमी तिखट, सौम्य, ते ऐकून गोंधळू नका. आपल्याकडची, विशेषतः कोल्हापूर-नागपूरची पोरं छाती काढून सगळ्यात जहाल मागतात. तुमच्या तिखट खाण्याबद्दल मला शंका नाही, पण मँगो हॅबनेरो, म्हणजे आंबा आणि हॅबनेरो मिरचीचा सॉस, ही वेगळी चीज आहे. तिखटपणा मोजायचं स्कोव्हिल नावाचं माप आहे, त्यात हालपिन्यो मिरची अडीच ते आठ हजार, बफेलो सॉसमधली केयेन मिरची तीस ते पन्नास हजार, आणि हॅबनेरो एक लाखापासून साडेतीन लाखापर्यंत. वर तो आंब्याचा गोडवा आधी लागतो, तिखट मागून येतं, तोपर्यंत तुम्ही तीन पीस संपवलेले असतात. आपल्या तांबड्या रश्श्याचं तिखट जिभेवर लगेच कळतं, माणूस थांबतो, इथे थांबायची सूचनाच उशिरा मिळते. म्हणून पहिल्या वेळी दोन पीसच घ्या, नाहीतर थोडासा सॉस चाखायला मागा, देतात.

आणि तोंड पोळलं तर पाणी पिऊ नका. तिखटपणा ज्याच्यामुळे असतो ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते तोंडभर पसरवतं. दूध, दही, ताक घ्या, दुधातलं केसीन नावाचं प्रथिन ते धुऊन काढतं. इथे छासची, म्हणजे ताकाची थैली प्रत्येक किराणा दुकानात मिळते, विंग्स घ्यायला जायच्या आधीच दोन थैल्या घेऊन ठेवायच्या.

मला विचाराल तर पहिल्यांदा काय घ्यावं? लेमन पेपर सुके आणि बफेलो ओले, अर्धे अर्धे. लेमन पेपर म्हणजे लिंबाची साल आणि मिरपूड, आपल्या जिभेला लगेच ओळखीचं वाटतं. बफेलोत व्हिनेगरचा आंबटपणा आणि बटरचा स्निग्धपणा असतो, पहिल्या घासाला विचित्र वाटेल, तिसऱ्याला आवडेल. कोरियन लाल सॉस असतो तो गोचुजांगचा, सोयाबीन, तांदूळ आणि मिरची आंबवून करतात, गोड-तिखट, तो मला मनापासून आवडतो आणि तीळ वरून घालतात ते जास्त मागून घ्यावेत. गार्लिक पार्मेझान लहान मुलं बरोबर असतील तर. हनी बार्बेक्यू फार गोड, दोन पीसनंतर नको वाटतं. तेरियाकी ठीक. शेजवान तर कुठल्याही चायनीजच्या गाडीवर मिळतो, त्यासाठी इथपर्यंत यायची गरज नाही.

एक हिशोब बहुतेकांना कळत नाही. सहा पीस म्हणजे सहा पंख नव्हेत. पंखाचे तीन भाग होतात, वरची छोटी तंगडीसारखी, मधला चपटा दोन हाडांचा, आणि शेवटचं टोक. टोक काढून टाकतात, उरलेल्या दोन भागांचे दोन पीस. म्हणजे सहा पीस म्हणजे तीनच पंख. जेवण म्हणून खायचं असेल तर एका माणसाला दहा तरी लागतात, बरोबर फ्राइज घेतले तर आठ. चपटा भाग खायची रीत अशी की दोन हाडांतलं बारीक हाड टोकाकडून पिळून ओढून काढायचं, मग जाड हाडावरचं मांस एका ओढीत येतं. आणि बोनलेस विंग्स म्हणून जे विकतात ते बहुतेक ठिकाणी पंख नसतातच, छातीच्या मांसाचे तुकडे असतात, चव वाईट नसते, पण पंखाचे पैसे देऊन ते घेऊ नका.

ताजं कसं ओळखायचं? ऑर्डर दिल्यावर "केटली वार लागशे?" विचारा. कच्चा पंख साधारण १७५-१८० डिग्रीच्या तेलात तळायला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणून पंधरा मिनिटं सांगितली तर आनंदाने थांबा. दोन मिनिटांत हातात दिलं तर ते आधीच तळून ठेवलेलं आहे. आधी तळून ठेवून मागितल्यावर पुन्हा तळलं तर उलट जास्त कुरकुरीत होतं, ते चांगलंच, पण नुसतं गरम दिव्याखाली ठेवलेलं असेल तर नको म्हणा. तेलाकडे बघा, काळपट, फेसाळ, उग्र वासाचं असेल तर बिनधास्त निघून या. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे की तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारी पोलर संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं पण नाक असतं. परवान्याचा चौदा आकडी नंबर काउंटरजवळ लावलेला दिसला पाहिजे. आणि हाडाजवळ थोडं लालसर दिसलं म्हणून लगेच कच्चं समजून टाकू नका, कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग शिजल्यावरही उतरतो, मांस हाडापासून सुटतंय आणि रस पारदर्शक आहे ना ते बघा.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी एवढं सगळं लिहायला बसले. घरी न्यायचं की नाही.

इथे भाड्याने जागा घेताना बऱ्याच सोसायट्यांत नॉनव्हेज चालत नाही. कधी करारात लिहिलेलं असतं, कधी नुसतं तोंडी, कधी तेही नाही, सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. माझ्या बाबतीत तिसरा प्रकार झाला. काही वर्षांपूर्वी मी एका इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे, मालकीणबाई खाली, स्वभावाने फार प्रेमळ, आजारी पडले तर खिचडी-कढी वर पाठवायच्या. एकदा मी डबा घेऊन जिना चढत होते आणि झाकणावर मोठ्या अक्षरात बफेलो लिहिलेलं. त्यांनी ते वाचलं. मी समजावून सांगितलं की हे गावाचं नाव आहे, आत कोंबडी आहे, पण त्यांच्यासाठी कोंबडी हाही तितकाच मोठा धक्का होता, आणि त्यांच्या डोळ्यात जे दुःख दिसलं ते मला आजही आठवतं. महिनाअखेरीला जागा सोडली. त्या मला रागावल्या नाहीत, भांडण नाही, काही नाही, पण एक घर गेलं. मी आधी विचारलं असतं तर ते झालं नसतं.

म्हणून करार करायच्या आधी सरळ विचारा, "नॉनव्हेज चाले?" नाही म्हणाले आणि जागा आवडली असेल तर ते मान्य करून राहा, चोरून आणू नका. लपवाछपवीचा वास येतो, अक्षरशः येतो, तळलेल्या चिकनचा वास लिफ्टमध्ये अर्धा तास राहतो. चालत असेल तरी हाडं कागदात गुंडाळून पिशवीला गाठ मारूनच टाका, कुत्री पिशवी फाडून जिन्यात हाडं पसरवतात आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचंच नाव निघतं.

घरी चालत नसेल तर दुकानाच्या बाहेरच स्कूटर लावून तिथेच खायचं. तसेही विंग्स पहिल्या दहा मिनिटांतच सगळ्यात चांगले लागतात. सयाजीबागेत घेऊन जाऊ नका, तिथे कुटुंबं येतात, कोणाच्या दुकानाच्या ओट्यावर बसू नका, देवळाजवळ तर नाहीच. २०२१ च्या नोव्हेंबरात हातगाड्यांवरचं नॉनव्हेज झाकून ठेवा अशी सूचना बडोदा महापालिकेतून निघाली होती, तेव्हापासून लोक या बाबतीत जास्त जागरूक आहेत, आपणही असलेलं बरं. ओले टिश्यू आणि एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा.

दिवसांचंही बघा. श्रावणाचा गोंधळ इथे होत नाही, गुजरातचा महिना आपल्यासारखाच अमावस्येला संपतो, त्यामुळे त्यांचा आणि आपला श्रावण एकच. इंदूर-ग्वाल्हेरला बदली झाली तर मात्र तिकडे पंधरा दिवस आधी सुरू होतो, ते लक्षात ठेवा. नवरात्रात नऊ दिवस अख्खं शहर गरब्यात असतं, खूप दुकानं बंद असतात किंवा मेनू अर्धा करतात, त्या दिवसांत विंग्स शोधत हिंडण्यापेक्षा गरब्याला जा, असा गरबा दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.

आणि बिअर. फोटोत विंग्सबरोबर बिअर दिसते, इथे दारूबंदी आहे, १९६० ला गुजरात राज्य झालं तेव्हापासून. कोणी म्हणेल मी सोय करतो, तर नाही म्हणा, नवीन शहरात पहिल्याच महिन्यात पोलीस स्टेशन बघायची वेळ आणू नका, आईवडिलांना फोन करावा लागतो. जीरा सोडा मस्त लागतो. डिपमध्ये इथे बहुतेक बिनअंड्याचं मेयो वापरतात, चव थोडी गोडसर असते, त्यात लिंबू पिळून घ्या.

उरलेच तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, रबर होतं. एअर फ्रायर असेल तर १८० वर पाच-सहा मिनिटं, नाहीतर जाड तवा, झाकण न ठेवता, मंद आच.

एकट्याने मात्र जाऊ नका. वीस पीसच्या डब्यात चार सॉस निवडता येतात आणि ते चौघांतच मजेत संपतं. मी पहिली दोन वर्षं इथे एकटीच जेवले, ऑफिसमधून रूमवर आणि रूमवरून ऑफिसला, आणि ज्या दिवशी शेजारच्या डिपार्टमेंटच्या जळगावच्या मुलीने तिच्या डब्यातला चपटा पीस माझ्यासमोर धरून "हा घे, हाड असं काढायचं" म्हटलं, त्या दिवसापासून हे शहर मला माझं वाटायला लागलं. आम्ही अजूनही महिन्याच्या पहिल्या शनिवारी जातो, संध्याकाळी सातला, साडेसातनंतर रांग वाढते. दुकानाच्या डाव्या बाजूला पानवाल्याच्या पुढे आमच्या स्कूटर असतात. जो कोणी नवीन आला असेल त्याने यावं, पहिला डबा माझ्याकडून, फक्त छासची थैली स्वतःची आणावी.